सावकाश आणि लक्ष देऊन: रोजच्या सुखाकडे शरीराच्या वाटेने

कोमट पाणी अंगावर पडते, कडकडून भूक लागलेली असताना पहिला घास तोंडात जातो, दिवसभर घट्ट बसलेले बूट एकदाचे पायांतून निघतात. या तिन्ही वेळी शरीरात सुखाची अगदी स्पष्ट संवेदना उमटते, परंतु बहुतेकदा तिची दखल कोणी घेतच नाही, कारण तेवढ्या वेळात मन पुढच्या कामांची यादी करत असते किंवा मागच्या संभाषणाची उजळणी करत असते. हार्वर्ड विद्यापीठातील मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. दिवसातल्या कोणत्याही वेळी फोनवरून त्यांना विचारले जात असे की, आत्ता आपण काय करत आहात, मन त्याच कामात आहे की दुसरीकडे, आणि आपल्याला कसे वाटते आहे. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हते, आणि मन भटकलेले असताना माणसे तुलनेने कमी आनंदी होती. सुखद कल्पनांत रमलेली माणसेसुद्धा हातातल्या कामात असलेल्यांपेक्षा अधिक आनंदी आढळली नाहीत, ही त्यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट.

ज्यांनी ध्यान, योग किंवा तत्सम काहीही पूर्वी केलेले नाही, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे. त्यासाठी वेगळी जागा, आसन किंवा उपकरण लागत नाही, आणि दिनक्रमात नवे काम वाढवण्याचीही गरज नाही. जे आपण रोज करतोच त्यातली एखादी कृती निवडून ती सावकाश आणि शरीराकडे लक्ष ठेवून करायची, एवढाच हा प्रकार आहे. मात्र सावकाश करणे आणि लक्ष देणे या दोन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. मन दुसरीकडे ठेवून हळूहळू जेवणाऱ्याचे जेवण फक्त लांबते.

सुख कसे जाणवते, याविषयी थोडेसे

पायऱ्यांकडे वळण्यापूर्वी शरीराचे दोन नियम समजून घेतलेले बरे, कारण पुढच्या बहुतेक सूचना त्यांतूनच निघतात.

पहिला नियम असा की, आपली ज्ञानेंद्रिये मुख्यतः बदलाची बातमी देतात. सकाळी सदरा अंगात घातला की त्याचा स्पर्श क्षणभर जाणवतो आणि मग दिवसभर तो जणू नाहीसाच होतो. त्वचेतील काही संवेदनाग्राहक दाब स्थिर होताच संदेश पाठवणे थांबवतात, काही हळूहळू मंदावतात, आणि जे पाठवत राहतात त्यांच्याकडे मेंदू दुर्लक्ष करू लागतो. वासाच्या बाबतीत तर हे फारच लवकर घडते. सुगंधी खोलीत शिरल्यावर काही मिनिटांतच तो सुगंध आपल्याला येईनासा होतो, आणि बाहेरून आलेल्या माणसाला मात्र तो लगेच येतो. म्हणून एखादी सुखद संवेदना नुसती लांबवत राहिल्याने सुख लांबत नाही. नवखी माणसे नेमकी इथेच निराश होतात, कारण ती सगळे काही हळू करतात आणि तरी दोन मिनिटांनी काहीच जाणवत नाही. अशा वेळी मध्ये थोडे थांबणे, संवेदना क्षणभर तोडून पुन्हा सुरू करणे, किंवा लक्ष एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे हे उपाय उपयोगी पडतात.

दुसरा नियम मला अधिक महत्त्वाचा वाटतो. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मिशेल कबानाक यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की, एकच संवेदना सुखाची की त्रासाची हे शरीराच्या आतल्या अवस्थेवर ठरते. त्यांनी या घटनेला ‘ॲलिएस्थेशिया’ असे नाव दिले. शरीर तापलेले असताना हात गार पाण्यात घातला तर अतिशय बरे वाटते, आणि अंगात हुडहुडी भरलेली असताना तेच पाणी नकोसे होते, जरी पाण्याचे तापमान दोन्ही वेळी सारखेच असले तरी. पोट भरलेले असताना गोडाचेही तसेच होते. याचा अर्थ असा की, वस्तू आणि शरीराची त्या वेळची गरज यांचा मेळ बसला तर सुख निर्माण होते, आणि आत काय चालले आहे याचा पत्ता नसेल तर हा मेळ केवळ योगायोगाने बसतो. शरीराची जाणीव वाढवण्याचा मुख्य व्यावहारिक फायदा हाच आहे.

पहिली पायरी: एकच कृती निवडावी

रोज घडणारी, दोन ते दहा मिनिटांत संपणारी आणि शरीराला ठळकपणे जाणवणारी एक कृती निवडावी. हात धुणे, सकाळचे गरम पेय, अंघोळ, हातापायांना तेल किंवा क्रीम लावणे, अंथरुणावर पाठ टेकल्यानंतरची पहिली काही मिनिटे, यांपैकी काहीही चालेल. मुळात नावडती असलेली कृती मात्र सुरुवातीला घेऊ नये. भांडी घासण्यातही सुख शोधता येते असे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि ते खोटेही नाही, परंतु नवख्याने तिथून आरंभ करण्यात काही शहाणपण नाही. वाहन चालवणे, धारदार सुरी वापरणे, लहान मुलावर लक्ष ठेवणे अशी कामेही या सरावासाठी घेऊ नयेत, कारण त्यांत लक्ष बाहेरच असले पाहिजे.

उद्यापासून पूर्ण दिवस सजगतेने जगायचे, असा निश्चय काही जण करतात. तो सहसा टिकत नाही, आणि मोडल्यावर वाटणाऱ्या अपराधीपणामुळे छोटा सरावही सुटतो. एका कृतीपुरता वेळ राखावा आणि तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. तो उलटा करून जवळ ठेवणे पुरेसे नाही, कारण तो वाजेल का या विचाराने लक्षाचा एक भाग त्याच्याकडेच राहतो.

दुसरी पायरी: सुरुवातीपूर्वी शरीराची चौकशी करावी

कृती सुरू करण्याआधी अर्धा मिनिट थांबून स्वतःच्या शरीराची विचारपूस करावी. तोंड कोरडे आहे का? पोट रिकामे आहे, भरलेले आहे की यांपैकी काहीच स्पष्ट नाही? खांदे वर उचललेले आहेत का? दात एकमेकांवर घट्ट दाबलेले आहेत का? हाताची बोटे गार आहेत की उबदार?

या प्रश्नांची उत्तरे संवेदनेच्या शब्दांत द्यायची आहेत. ‘मी थकलो आहे’ हा निष्कर्ष झाला; ‘डोळ्यांमागे जडपणा आहे, मान ताठ आहे आणि पोटऱ्यांत बारीक ठणका आहे’ ही खरी बातमी झाली. आपल्याकडे असे शब्द भरपूर आहेत आणि ते वापरायला संकोच करू नये: गार, ऊन, कोमट, खरबरीत, गुळगुळीत, चिकट, जड, सैल, ताठ, चुरचुरणे, झिणझिणणे, शिवशिवणे, ठणकणे, कळ येणे. शब्द नेमका सापडला की लक्ष आपोआप त्या जागेवर स्थिरावते.

पाण्याचे उदाहरण घ्यावे. तहान लागली आहे असे वाटले की आधी ती कुठे जाणवते ते पाहावे. जीभ टाळूला चिकटते आहे का, घसा कोरडा पडला आहे का, हे लक्षात घेऊन मग पहिला घोट घ्यावा आणि तो गिळण्यापूर्वी क्षणभर तोंडात फिरवावा. प्यालेले पाणी आतड्यांतून रक्तात पुरेसे मिसळायला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागू शकतो, परंतु तहान मात्र पहिल्या मिनिटाभरातच शमू लागते, कारण तोंड आणि घसा यांच्याकडून मेंदूला आगाऊ वर्दी मिळते. सुखाचा सगळा भर त्या पहिल्या काही घोटांवर असतो. चौथ्या-पाचव्या घोटानंतर पाणी नुसते पाणी होते, आणि हा बदल स्वतःच्या तोंडात घडताना पाहणे हा नवख्यासाठी उत्तम पहिला धडा आहे.

तिसरी पायरी: श्वास थोडा लांबवावा

या पायरीला नको इतके महत्त्व दिले जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. विश्रांतीत असलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने मंदावतात. त्यामुळे चार अंक मोजून श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजून सोडावा, म्हणजे मिनिटाला सहाच्या आसपास श्वास होतात आणि शरीर शांत होऊ लागते. असे पाच-सहा श्वास पुरेत. छाती फुगवून मोठमोठे श्वास घेऊ नयेत, त्याने चक्कर येते. मोजण्याचाच ताण होत असेल तर मोजणे सोडून एक लांब उसासा टाकावा आणि पुढे जावे.

चौथी पायरी: अंगभर लक्ष फिरवावे

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये दीर्घकालीन वेदना आणि ताणतणाव असलेल्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला, जो पुढे आठ आठवड्यांचा झाला. पायांपासून डोक्यापर्यंत क्रमाक्रमाने लक्ष फिरवण्याचा सराव हा त्यातला एक मुख्य भाग असून तिथे तो सुमारे ४५ मिनिटे चालतो. घरी एकट्याने सुरुवात करणाऱ्याला दहा मिनिटे पुष्कळ झाली.

शवासनात झोपावे किंवा पाठ टेकून खुर्चीत बसावे. लक्ष डाव्या पायाच्या अंगठ्यावर न्यावे. अंगठ्याची कल्पना करायची नाही, त्याचे चित्र डोळ्यांसमोर आणायचे नाही. तिथून प्रत्यक्ष काय कळते आहे तेवढेच पाहायचे. नखाला मोज्याचे कापड लागते आहे का, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये ओलसरपणा आहे का, अंगठ्याच्या खालचा मांसल भाग गार आहे की उबदार? मग चवडा, तळव्याची कमान, टाच, घोटा. टाच जमिनीवर टेकलेली असेल तर तिचा जमिनीला लागणारा भाग किती लहान आहे आणि पायाचे किती वजन त्यावर आले आहे, हे आश्चर्य वाटावे इतके स्पष्ट कळू लागते. यानंतर पोटरी, गुडघा, मांडी, मग दुसरा पाय, कंबर, पोट, पाठ, हात, खांदे, मान आणि चेहरा या क्रमाने जावे. प्रत्येक जागी दोन-तीन श्वास थांबले तरी चालते.

काही जागांकडून काहीच उत्तर येणार नाही. तेही उत्तरच समजावे, कारण शरीराचे सर्व भाग सारखे बोलके नसतात. बोटाच्या टोकावर दोन टोके अवघ्या २ ते ३ मिलिमीटर अंतरावर टेकवली तरी ती वेगवेगळी ओळखता येतात, तर पाठीवर तीच टोके ३० ते ४० मिलिमीटर दूर असली तरच दोन आहेत हे कळते. दोन बोथट पेन्सिली आणि एक मदतनीस मिळाला तर हे घरी करून पाहण्यासारखे आहे.

ज्यांना जवळजवळ कुठेच काही जाणवत नाही, त्यांनी एडमंड जेकबसन यांची पद्धत वापरावी. या अमेरिकन वैद्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केलेल्या या पद्धतीत स्नायू आधी ताणायचा आणि मग सोडायचा असतो. मूठ पाच-सात सेकंद घट्ट आवळावी आणि एकदम सैल सोडून पुढचे अर्धे मिनिट हातात काय होते ते पाहावे. उब पसरते, बोटे जड होतात, कधी बारीक झिणझिण्या येतात. नंतर खांदे कानांपर्यंत उचलून सोडावेत, कपाळाला आठ्या घालून सोडाव्यात. ताण आणि सैलपणा यांतला फरक एकदा ठळकपणे कळला की पुढे तो न ताणताही ओळखता येतो.

हा सराव आरोग्य तपासणीसारखा करू नये, ही सूचना मला आवर्जून करावीशी वाटते. दुखणाऱ्या जागा स्वतःहून लक्ष वेधून घेतातच. बऱ्या असलेल्या जागा मात्र मुद्दाम शोधाव्या लागतात, आणि त्या अनेकदा अगदी अनपेक्षित असतात: कानाच्या पाळ्या, तळहाताचा मध्य, गुडघ्यामागची मऊ त्वचा, वरच्या ओठावरून जाणारी हवा. अशी एखादी जागा सापडली की तिथे मनसोक्त रेंगाळावे आणि बाकीचे शरीर त्या दिवशी राहिले तरी चालेल असे समजावे. मध्येच झोप लागली तर शरीराला तीच हवी होती असे मानावे.

पाचवी पायरी: त्वचा आणि पाणी

आपल्या त्वचेत, विशेषतः जिथे बारीक लव असते तिथे, सी-टॅक्टाइल नावाचे मज्जातंतू असतात. त्यांच्यावर संदेश वेगाने नेणारे मायलिनचे स्निग्ध आवरण नसल्यामुळे त्यांचा संदेश सेकंदाला सुमारे एक मीटर इतक्या संथ गतीने प्रवास करतो. कुठे स्पर्श झाला हे नेमके सांगण्याचे काम दुसऱ्या, वेगवान तंतूंचे असते. हे संथ तंतू स्पर्शातला सुखदपणा पोचवण्यात भाग घेतात आणि सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर या वेगाने फिरणाऱ्या, त्वचेइतक्याच उबदार, हलक्या स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. म्हणजे हळू स्पर्श सुखाचा वाटतो यामागे मज्जातंतूंची रचनाच आहे.

हे स्वतःवर पडताळून पाहावे. बाही वर करून एका हाताच्या बोटांची मागची बाजू दुसऱ्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत अलगद फिरवावी. हे अंतर साधारण २५ सेंटीमीटर असते. आधी ते एका सेकंदात पार करावे, मग आठ सेकंदांत, आणि शेवटी अर्ध्या मिनिटात. पहिल्या वेळी नुसते घासल्यासारखे वाटते. तिसऱ्या वेळी काहींना गुदगुल्या होतात, तर काहींना कंटाळा येतो. मधल्या वेगाला मात्र बहुतेकांच्या अंगावर हलकीशी लहर उठते, आणि हाच वेग पुढे तेल किंवा क्रीम लावताना, केसांतून हात फिरवताना, टॉवेलने अंग पुसताना वापरायचा आहे. स्वतःचा स्पर्श दुसऱ्याच्या स्पर्शाहून फिका वाटतो, कारण आपली हालचाल मेंदूला आधीच ठाऊक असते आणि तिच्यातून येणारी संवेदना तो सौम्य करतो. स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत याचेही कारण हेच.

पाण्याची गंमत वेगळी आहे. एक हात गार पाण्यात आणि दुसरा सहन होईल इतक्या गरम पाण्यात मिनिटभर ठेवून मग दोन्ही हात एकाच कोमट पाण्यात बुडवले, तर ते पाणी एका हाताला गरम आणि दुसऱ्याला गार लागते. अंघोळीत याचाच उपयोग करून घ्यावा. सतत पाण्याखाली उभे राहिल्यास त्वचा त्या उबेला लवकरच सरावते. त्याऐवजी थोडा वेळ पाणी घेऊन बाजूला व्हावे, ओल्या त्वचेवर हवेचा गारवा एक-दोन श्वास जाणवू द्यावा, आणि पुन्हा पाणी घ्यावे. मानेच्या मागच्या बाजूवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, पोटावर पाणी पडताना वेगवेगळे लागते. खांद्यावरून निघालेला ओघळ पाठीवरून कुठपर्यंत जाणवतो आणि कुठे हरवतो, हे पाहावे. पाणी कमी लागते आणि अनुभव मात्र वाढतो.

सहावी पायरी: पहिले तीन घास

संत्रे हे या सरावासाठी फार सोयीचे फळ आहे. नखाने साल उचलताच तेलाचा बारीक फवारा उडतो. फळ नाकाजवळ धरले असेल तर तो वास जवळजवळ टोचतो. साल निघताना होणारा ओलसर फाटल्याचा आवाज ऐकावा. एक फोड वेगळी करून तिचा पापुद्रा बोटांना कसा लागतो ते पाहावे आणि मग ती जिभेवर ठेवून लगेच न चावता थांबावे. एवढ्याने तोंडाला पाणी सुटते, आणि ते सुटताना कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यात बारीकशी कळ येऊ शकते, जिच्याकडे सहसा कोणाचेच लक्ष नसते. आता नाक चिमटीत धरून फोड चावावी. आंबट आणि गोड कळेल, पण संत्र्याची चव म्हणावी ती येणार नाही. चिमूट सोडताच ती चव एकदम भरून येते, कारण जिला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग घशामागून नाकात जाणारा वास असतो. खाताना हळूच नाकाने श्वास सोडण्याची सवय लावली तर कोणत्याही अन्नाची चव वाढते. सगळ्या मार्गदर्शनातून एकच युक्ती घ्यायची झाली तर मी ही घ्यायला सांगेन.

पूर्ण जेवण मौनात आणि प्रत्येक घास मोजून चावत करण्याची काहीही गरज नाही. एकच पदार्थ खात राहिले की त्याचा सुखदपणा घासागणिक घटत जातो, आणि दुसरा पदार्थ समोर आला की खाण्याची इच्छा पुन्हा जागी होते. खाण्याच्या सवयींच्या संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला याचा बारकाईने अभ्यास केला. म्हणून प्रत्येक पदार्थाचे पहिले दोन-तीन घास पूर्ण लक्ष देऊन घ्यावेत, घास तोंडात असताना हात मोकळा ठेवावा, आणि नंतर खुशाल गप्पा माराव्यात. मध्यावर एकदा थांबून पोटाची चौकशी करावी. पोट भरल्याचे संकेत पुरेसे पोचायला साधारण १५ ते २० मिनिटे लागतात, आणि भरभर जेवणाऱ्याचे जेवण अनेकदा त्याआधीच संपलेले असते.

चालण्याचे फारसे सांगण्यासारखे नाही. घरातून बाहेर पडताना पहिली काही पावले नेहमीच्या निम्म्या वेगाने टाकावीत, टाच टेकणे, वजन चवड्यावर जाणे आणि अंगठ्याने जमीन मागे ढकलणे या तीन गोष्टी पाहाव्यात, आणि मग नेहमीच्या चालीने निघावे.

जोडीदारासोबत करताना

विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी लैंगिक अडचणी असलेल्या जोडप्यांसाठी एक स्पर्शसराव तयार केला आणि १९७० मध्ये तो प्रसिद्ध केला. समुपदेशक तो आजही वापरतात. त्यातली मूळ कल्पना ही की, सुरुवातीच्या टप्प्यात संभोग आणि लैंगिक अवयवांचा स्पर्श पूर्णपणे बाजूला ठेवायचा, म्हणजे काहीतरी साध्य करून दाखवण्याचे दडपण उरत नाही. एकाने दहा-पंधरा मिनिटे दुसऱ्याची पाठ, हात, पाय, चेहरा यांना सावकाश स्पर्श करायचा आणि मग भूमिका बदलायच्या. स्पर्श करणाऱ्याने समोरच्याला खूश करण्याच्या मागे न लागता आपल्या हाताला काय जाणवते आहे याकडे लक्ष द्यायचे असते: तापमान, पोत, हाडाची कड, श्वासाबरोबर होणारी हालचाल. ज्याला स्पर्श होतो आहे त्याने काही नकोसे वाटल्यास लगेच सांगावे, किंवा समोरच्याच्या हातावर आपला हात ठेवून तो दुसरीकडे न्यावा. दोघांचीही मनापासून तयारी नसेल त्या दिवशी हे करू नये, आणि पुढे काही घडलेच पाहिजे अशी अपेक्षा तर मुळीच ठेवू नये.

अडचणी आणि काळजी

कंटाळा येणारच. तो आला की तो शरीरात कुठे आहे हे विचारावे. बहुधा पायांत चुळबूळ, छातीत घाई किंवा फोनकडे जाऊ पाहणारा हात सापडतो. मन भटकणे ही अडचण मानूच नये. ते पुन्हा पुन्हा परत आणणे म्हणजेच सराव होय.

काही माणसांना शरीराच्या आत लक्ष नेल्याने अस्वस्थता वाढते. ज्यांना पॅनिक ॲटॅक, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येतात त्यांना स्वतःचे ठोके ऐकणे घाबरवणारे ठरू शकते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत आणि छाती-पोटाऐवजी जमिनीवर टेकलेले तळवे, हातातल्या वस्तूचा स्पर्श किंवा खोलीतले आवाज यांवर लक्ष ठेवावे. पूर्वी शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार झालेला असेल तर हा सराव जाणकार समुपदेशकाच्या सोबतीने करावा. मधुमेहामुळे किंवा अन्य कारणाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर गरम पाण्याचा अंदाज पायांनी घेऊ नये. थर्मामीटर वापरावा किंवा दुसऱ्याकडून तपासून घ्यावे. छातीत दुखणे, अचानक बधिरपणा येणे यांसारख्या गोष्टींकडे नुसते लक्ष देत बसायचे नसते, तातडीने डॉक्टरांकडे जायचे असते. आणि दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ कशातच रस किंवा आनंद वाटत नसेल, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते. त्यावर उपचार आहेत, आणि संत्रे सावकाश खाणे हा त्या उपचारांचा पर्याय नाही.

सराव टिकवताना

वेळ ठरवण्यापेक्षा कृतीला जोडलेला सराव अधिक टिकतो. ‘सकाळी सात वाजता’ असे ठरवले तर सात वाजून जातात, ‘नळ सोडल्यावर’ असे ठरवले तर नळ रोज सोडला जातोच. किती दिवस झाले याचा हिशेब ठेवणारी ॲप मी तरी सुचवणार नाही, कारण त्यांत लक्ष हळूहळू आकड्यावर जाते.

इथे मेंदूविषयी एक गोष्ट उपयोगी पडेल. केंट बेरिज या अमेरिकन संशोधकांनी दाखवले आहे की, एखादी गोष्ट हवीशी वाटणे आणि ती आवडणे या मेंदूतील दोन वेगवेगळ्या क्रिया आहेत. डोपामिन या मेंदूतील रसायनाचा संबंध मुख्यतः हवेसे वाटण्याशी आहे. त्यामुळे ज्यातून फारसे सुख मिळत नाही अशा गोष्टीकडेही हात पुन्हा पुन्हा जाऊ शकतो. फोनवर दहा मिनिटे बोट फिरवून झाल्यावर एकदा थांबून शरीरात कुठे सुख सापडते का ते तपासावे. डोळ्यांत कोरडेपणा, मानेत ताण आणि आखडलेला अंगठा एवढेच सापडले, तर फोन सोडण्याचा उपदेश कोणी करण्याची गरज उरत नाही.

निवडलेली कृतीही कालांतराने सवयीची होते आणि तिच्यातला ताजेपणा ओसरतो. तसे झाले की चिकाटीने तीच करत बसू नये. काही दिवस ती नेहमीसारखी, लक्ष न देता करावी, किंवा तिच्यातला एखादा तपशील बदलावा: पेला दुसऱ्या हातात धरावा, अंघोळीची सुरुवात पाठीऐवजी पायांपासून करावी, दिवा मालवून क्रीम लावावे. दुसरी कृती जोडण्याची घाई करू नये. कामाच्या ऐन गर्दीत दात घट्ट आवळले गेल्याचे कोणी न सांगता लक्षात येऊ लागले आणि जबडा आपण होऊन सैल सोडला जाऊ लागला, की पहिली कृती अंगवळणी पडली असे समजावे आणि मग दुसरी निवडावी. ती शक्यतो वेगळ्या इंद्रियाची असावी, म्हणजे पहिली पाण्याची असेल तर दुसरी वासाची किंवा आवाजाची घ्यावी.